जड स्टिअरिंग आणि सैल स्टिअरिंग: पॉवर बॉक्स नेमका कशावरचा इलाज?

महिंद्राची जुनी फोर-बाय-फोर जीप किंवा पिकअप घेतलेला माणूस गॅरेजमध्ये पाऊल ठेवताच म्हणतो, "भाऊ, स्टिअरिंगचं काहीतरी करा, पॉवरच टाकून द्या." का, असं विचारलं की उत्तरं दोन येतात. एकजण सांगतो, मोंढ्यात गाडी मागेपुढे घेताना दंड भरून येतात. दुसरा सांगतो, रस्त्यावर गाडी सरळ जातच नाही, सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं. पहिल्याचं स्टिअरिंग जड आहे, दुसऱ्याचं सैल. दुखणी वेगळी, पण दोघांच्या हातात चिठ्ठी एकच पडते: पॉवर बॉक्स, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करणारा स्टिअरिंगचा गिअर बॉक्स.

घोटाळा व्हायला कारणही आहे. जुन्या गाडीत ही दोन्ही दुखणी बहुधा एकत्रच नांदतात. सुरुवातीचं हातभर स्टिअरिंग नुसतंच फिरतं आणि त्यानंतर एकदम जड लागतं. चालवणाऱ्याला एकूण त्रास तेवढा जाणवतो, त्याचे दोन भाग जाणवत नाहीत.

आधी जडपणाचं बघू. चाकं वळायला जेवढा जोर लागायला हवा त्यापेक्षा तो जास्त लागतो, एवढंच त्याचं स्वरूप. महिंद्राच्या या गाड्यांचं मूळ विलिस जीपमध्ये आहे. कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्या जीप भारतात जोडायला सुरुवात केली. मूळ आराखड्यात नाकावर सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं आणि खाली ६.०० x १६ चे अरुंद टायर. पुढे डिझेल इंजिनं आली, नाकावरचं वजन वाढलं. मग हौसेने रुंद टायर आले. जमिनीवर टेकणारं रबर वाढलं आणि रुंद रिममुळे टायर बाहेरही सरकला, त्यामुळे उभ्या जागी चाक वळवताना तो घासत फिरतो. हे सगळं ओढायला हाताच्या ताकदीवरचा तोच जुना बॉक्स.

जडपणा कुठून येतो हे शोधायला फार हत्यारं लागत नाहीत. पुढचा ॲक्सल जॅकवर उचला, खाली पक्के स्टँड द्या आणि ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर येऊन झुलणारा हात) ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा. आता बॉक्स एकीकडे आणि चाकं एकीकडे. स्टिअरिंग फिरवून पाहा. एकट्या बॉक्सलाच जोर लागत असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यात. बॉक्स हलका फिरतोय, पण हाताने चाक वळवताना जोर लागतो, तर किंग पिनची (चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंगं कोरडी आहेत, नाहीतर कोणीतरी शिम (पातळ चकत्या) काढून ती गरजेपेक्षा जास्त आवळली आहेत. मधला बेल क्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) असलेल्या गाडीत त्याची पिनही ग्रीसवाचून धरते. काळ्या मातीत चालणाऱ्या गाडीला तर हे हमखास होतं, कारण पावसाळ्यात चिखल सीलमधून आत शिरतो आणि उन्हाळ्यात तिथेच सुकतो.

दोन्ही हलके, आणि गाडी जमिनीवर टेकवली की जड? मग टायरमधली हवा तपासा. तीही बरोबर निघाली तर समजा की टायर आणि वजन मिळून जुन्या बॉक्सला भारी पडतंय. पॉवर बॉक्स हा खरा इलाज फक्त या शेवटच्या प्रकारावर आहे. बाकीच्यांत ग्रीस गन आणि नवीन बेअरिंगवर काम भागतं.

याच ठिकाणी फोर-व्हीलच्या लिव्हरकडेही नजर टाका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि डांबरावर टायरला सरकायला वाव नसतो. चिखलातून निघाल्यावर लिव्हर टू-व्हीलला न आणताच कोणी डांबरी रस्त्याला लागला तर स्टिअरिंग ताठर होणारच. आधी लिव्हर टू-व्हीलला आणा, तक्रार त्यानंतर करा.

आता सैलपणा. इथे प्रश्न जोराचा नसून वाया जाणाऱ्या हालचालीचा आहे. हातातलं चाक फिरतं, पण ती हालचाल टायरपर्यंत पोहोचण्याआधी सांध्यासांध्यांत गळून जाते. सांधे तरी किती! बॉक्सच्या आतला गिअर, बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, बेल क्रँक, टाय रॉड एंड (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं), किंग पिन, चाकाचं बेअरिंग. त्यात पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि शॅकलही धरा, कारण ते झिजले की अख्खा ॲक्सलच इकडेतिकडे सरकतो आणि दोष मात्र स्टिअरिंगवर येतो.

हे शोधायला दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवरच ठेवा, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्याला हात लावत जायचं. एक बाजू हलली आणि पलीकडची हलली नाही, की दोष तिथे. मग चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवा. खडखड आली तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंग पिन. जुन्या वळणाच्या ड्रॅग लिंकमध्ये टोकाशी स्प्रिंग आणि वाट्या असतात, वर स्क्रू-प्लग आणि स्प्लिट पिन. तिथला प्ले, म्हणजे वाया जाणारी हालचाल, बऱ्याचदा प्लग आवळून जातो. एवढ्यासाठी लोक अख्खा बॉक्स बदलतात.

या दोन दुखण्यांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू. डोक्यावर लॉकनट असलेला हा स्क्रू प्रत्येक हौशी मेकॅनिकला खुणावत असतो. गाडीचा जास्तीत जास्त प्रवास सरळ रस्त्यावर होतो, म्हणून आतला गिअर मधोमध जास्त झिजतो आणि दोन्ही कडांना जवळपास नवाच राहतो. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला, की मधे बरं वाटतं आणि कडांना गिअर आवळून धरतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, ओढून आणावं लागतं. सैलची तक्रार घेऊन गेलेला माणूस जडची तक्रार घेऊन परत येतो आणि मग त्याला पॉवर बॉक्स सुचवला जातो. माझं मत विचाराल तर त्या स्क्रूला हात लावण्याआधी बाकीचे सगळे सांधे तपासून झालेले असले पाहिजेत. स्क्रू फिरवताना ड्रॅग लिंक सुटलेली असावी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॉक्स अडखळता कामा नये.

मग प्रश्न असा, की पॉवर बॉक्स टाकल्यावर "प्लेसुद्धा गेला" असं इतके लोक खात्रीने का सांगतात? ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं जाणवतं. कारण रेशोमध्ये आहे, म्हणजे स्टिअरिंग किती फिरवलं की ड्रॉप आर्म किती फिरतो त्या प्रमाणात. हाताच्या बॉक्सचा रेशो मोठा ठेवावा लागतो, नाहीतर चाक वळणारच नाही. समजा तो २४ ला १ आहे. ड्रॉप आर्मच्या पुढे लिंकेजमध्ये १ अंशाचा प्ले असेल, तर हातात तो २४ अंशांचा होऊन येतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर हे काठाने मोजलं तर सुमारे ८.४ सेंटिमीटर. पॉवर बॉक्सला तेलाच्या दाबाची मदत असल्यामुळे त्याचा रेशो लहान ठेवता येतो, समजा १६ ला १. खालचा प्ले तोच १ अंश, पण हातात तो १६ अंशांचा, म्हणजे साधारण ५.६ सेंटिमीटर. टाय रॉडला कोणी हातही लावलेला नाही, तरी हाताला प्ले तिसऱ्या हिश्श्याने कमी वाटतो! नव्या बॉक्सच्या आतली झीज शून्य असते, तोही फरक पडतो. टायर मात्र पूर्वीइतकाच हलतो. कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर मागे माल भरलेला असताना खड्डा लागला, की तो १ अंश आपलं खरं रूप दाखवतो.

उलट पॉवर बॉक्समुळे झिजलेल्या सांध्यांवर भार वाढतो. आतली रचना पाहिली की हे कळतं. स्टिअरिंगचा दांडा आणि आतला वर्म (मळसूत्री गिअर) यांच्यामध्ये एक बारीक टॉर्शन बार (पिळ घेणारी सळई) असतो. टायरने विरोध केला की हा बार किंचित पिळतो, तेवढ्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला ढकलतं. पूर्वी दगडाला अडलेलं चाक हाताला कळायचं आणि माणूस थांबायचा. आता तेल थांबत नाही, ते चाक ढकलतंच. तो जोर झेलतात टाय रॉड एंड, बेल क्रँकची पिन आणि बॉक्सच्या बोल्टांभोवतीची चासी. खिळखिळ्या लिंकेजवर पॉवर बॉक्स बसवणं म्हणजे हलत्या दांड्याच्या कुऱ्हाडीला नुसती धार लावून देणं.

म्हणून क्रम असा: आधी सैलपणा संपवा, मग जड किती उरतं ते पाहा. पुष्कळ गाड्यांत त्यानंतर पॉवरची गरजच उरत नाही, विशेषतः टायर मूळ मापाचे असतील तर.

तरीही टाकायचाच ठरला, तर बॉक्स निवडताना नुसत्या किमतीवर जाऊ नका. गॅरेजात बोलेरोच्या पॉवर बॉक्सचं नाव निघतं, कारण तो मिळतो आणि त्याचे सुटे भागही मिळतात. पण कुठलाही बॉक्स असो, त्याचा ड्रॉप आर्म तुमच्या गाडीत कोणत्या दिशेने झुलणार हे जमिनीवर मांडून पाहा. बॉक्स उलट्या तोंडाने बसला तर स्टिअरिंग उजवीकडे आणि चाकं डावीकडे, असा प्रकार खरोखर घडतो. ड्रॅग लिंकचा कोनही जुळायला हवा. पाटे वर-खाली होताना लिंक आणि ॲक्सल वेगवेगळ्या वर्तुळांत फिरले, तर खड्ड्यागणिक गाडी आपोआप वळते. तो दोष सैलपणासारखाच भासतो आणि कितीही सांधे बदलले तरी जात नाही.

चासीबद्दल थोडं कडक बोलतो. या गाड्यांची चासी पातळ पत्र्याची पेटी किंवा चॅनल असते. बॉक्ससाठी जाड प्लेट द्या, बोल्ट आरपार जाणार असतील तर आत नळीचे तुकडे घाला म्हणजे आवळताना पत्रा दबणार नाही, आणि बोल्ट हाय टेन्साइलच वापरा. ड्रॅग लिंक लांब-आखूड करायला लेथवर कापून वेल्डिंग करून देणारे सगळ्या तालुक्यांत भेटतील. नको. ड्रॉप आर्म गॅसने तापवून वाकवणं तर अजिबात नको. योग्य मापाची लिंक मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

या बदलात एक फायदा मात्र असा आहे की ज्याची चर्चाच होत नाही. जुन्या विलिस वळणाच्या कॅम-लिव्हर बॉक्समध्ये स्टिअरिंगचा दांडा बॉक्सपासून थेट छातीपर्यंत एकसंध येतो. समोरून धडक बसली तर तो भाल्यासारखा मागे येऊ शकतो. नवा बॉक्स बसवताना मधे युनिव्हर्सल जॉइंट असलेला तुकडा घालावा लागतो, त्यामुळे धडकेत दांडा मोडलाच तर त्या जॉइंटपाशी दुमडतो. अमेरिकेत खुद्द विलिसच्याच वंशातल्या सीजे जीपचा जुना रॉस बॉक्स (हाच कॅम-लिव्हर प्रकार) १९७२ साली काढून सॅजिनॉ कंपनीचा रिसर्क्युलेटिंग बॉल (आत गोळ्यांवर फिरणारा) बॉक्स दिला गेला. तेव्हा या अदलाबदलीला जीपच्याच घराण्यातला आधार आहे.

हल्ली छोट्या मारुती गाड्यांचा इलेक्ट्रिक कॉलमही जीपला बसवतात. पंप नाही, पट्टा नाही, तेल नाही. पण त्याची मोटर कॉलमवर असते, म्हणजे तिचा जोर जुन्याच बॉक्समधून खाली जातो. जडपणा जातो, बॉक्सचा प्ले तसाच राहतो आणि झीज वाढते. शिवाय अल्टरनेटर तगडा हवा, जुन्या डायनामोवर हे चालायचं नाही.

पॉवर बॉक्स बसल्यावर इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं उचलून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि पंपाच्या टाकीत तेल भरत राहा, म्हणजे हवा निघून जाईल. तेलात फेस दिसत असेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. नकलवरचे (किंग पिनवर चाकाबरोबर वळणाऱ्या भागावरचे) स्टॉप बोल्ट असे लावा की चाक बोल्टला आधी टेकेल आणि बॉक्स आतून टोकाला नंतर पोहोचेल. पूर्ण वळवून तसंच धरून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण तेवढा वेळ पंप पूर्ण दाबावर चालतो आणि तेल तापतं. आणि पंपाचा एक जादा पट्टा सीटखाली असू द्या. पट्टा तुटला की तोच बॉक्स जुन्या हाताच्या बॉक्सपेक्षाही जड लागतो.