अल्पकालीन विवाहानंतरची मालमत्ता व कर्जवाटणी

लग्नाला दोन-चार वर्षे होण्याआधीच घटस्फोट झाल्यास घर, दागिने, सामान आणि डोक्यावरचे कर्ज कोणाकडे जाणार, हे भारतात पक्षकारांना लागू असलेल्या कायद्यावर आणि त्याहून अधिक कागदावर कोणाचे नाव आहे यावर ठरते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये पती-पत्नींची सामाईक वैवाहिक मालमत्ता अशी संकल्पनाच नाही. त्याचे कलम २७ केवळ लग्नात किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंपुरते आहे. पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ करणारे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले खरे, पण लोकसभेत ते मार्गी लागले नाही आणि बारगळले.

अल्पकालीन संसारात एकत्र कमाईची पुंजी फारशी साठलेली नसते, त्यामुळे वाद बहुधा स्त्रीधनाभोवतीच, म्हणजे पत्नीला मिळालेल्या दागिने-भेटवस्तूंभोवतीच फिरतो. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (१९८५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीची एकटीची मालमत्ता असून ती पती वा सासरच्यांकडे केवळ विश्वासाने ठेवलेली असते, असे स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र सराफाची पावती, लग्नातले फोटो आणि लॉकर कोणाच्या नावावर आहे, यांवर पुराव्याची भिस्त राहते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात म्हणूनच कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये) मंगळसूत्र, पाटल्या, फ्रिज, वॉशिंग मशीन अशी वस्तुवार यादी जोडणे शहाणपणाचे. विवाहाचा अल्प कालावधी विचारात येतो तो प्रामुख्याने कायम पोटगीची रक्कम ठरवताना. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालातही तो एक निकष म्हणून नमूद आहे.

कर्जाचा गुंता अधिक चिवट असतो. जास्त रक्कम मंजूर व्हावी म्हणून नवविवाहित जोडपी गृहकर्ज दोघांच्या नावे घेतात. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘यापुढचे हप्ते पती भरेल’ असे लिहिले तरी तो आपसातला करार असतो, बँक त्यात पक्षकार नसते. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, बँक संपूर्ण थकबाकी कोणाही एका सहकर्जदाराकडून वसूल करू शकते. ज्याने भरली त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. एका सहकर्जदाराला वगळायचे तर बँकेची संमती लागते, आणि राहिलेल्याचे उत्पन्न एकट्याने हप्ते पेलण्याइतके नसेल तर ती सहसा मिळत नाही. हक्कसोडपत्र करून फ्लॅटमधला हिस्सा सोडला म्हणजे कर्जातून सुटलो, हा समज फार महागात पडतो, कारण त्याने मालकी जाते आणि देणे मात्र तसेच राहते.

गोव्यात चित्र निराळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास, दोघांची मालमत्ता, लग्नाआधीचीही, काही कायदेशीर अपवाद वगळता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा मानला जातो. संसार वर्षभराचा असो वा चाळीस वर्षांचा, हे प्रमाण तेच राहते. दुसरी पद्धत निवडायची तर तसा करार लग्नाआधीच करावा लागतो. लग्नानंतर तो बदलता येत नाही.