सर्व्हिस डॉगच्या नावाखाली: अमेरिकेतला एक हक्क आणि त्याचा गैरफायदा

अमेरिकेतल्या एखाद्या दुकानात गिऱ्हाईक कुत्र्यासह आत आलं, तर तिथल्या कर्मचाऱ्याला कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात. दिव्यांगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग, म्हणजे मदतीचं काम शिकवलेला कुत्रा, आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? हे दोन प्रश्नसुद्धा गरज उघड दिसत नसेल तरच विचारायचे. कुत्र्याच्या हार्नेसचा दांडा धरून चाललेल्या अंध माणसाला तेही विचारायचे नसतात. आजार कोणता, डॉक्टरचं पत्र कुठाय, ओळखपत्र दाखवा, कुत्र्याला ते काम इथे करून दाखवायला सांगा, यातलं काहीही बोलायची मुभा नाही. देशात सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदणी नाही, परवाना नाही, परीक्षाही नाही. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, अशीच या कायद्याची रचना आहे.

या मोकळेपणाचा फायदा घेऊन घरचा पाळीव कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून दुकानात, रेस्टॉरंटमध्ये, विमानात नेणारे लोक गेल्या पंधरा-वीस वर्षांत डोळ्यांवर येण्याइतके वाढले. ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं लाल जाकीट ऑनलाइन कोणालाही विकत मिळतं. फोटोचं कार्ड आणि ‘नोंदणी क्रमांक’ देणाऱ्या वेबसाइट आहेत. त्या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही, पण दारावरच्या विशीतल्या पोराला ते माहीत नसतं आणि वाद घालायची त्याची तयारीही नसते. मग सहज मनात येतं की कायदा असा ढिला ठेवलाच कशाला? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी हजारो सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे गेरहार्ड स्टालिंग या डॉक्टरने वाटाड्या कुत्र्यांची (गाइड डॉग) पहिली मोठी शाळा काढली. पुढे पॉट्सडॅमला दुसरी निघाली. स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी पॉट्सडॅमच्या शाळेचं काम पाहिलं आणि १९२७ च्या नोव्हेंबरात ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये त्यावर लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या तरुणाला त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवला. मॉरिसचा एक डोळा सहाव्या वर्षी अपघातात गेला होता आणि दुसरा सोळाव्या वर्षी बॉक्सिंग करताना. त्याने युस्टिसबाईंना पत्र धाडलं: मला असा कुत्रा द्या, मी परत येऊन इथल्या अंधांसाठी हे काम उभं करतो.

१९२८ साली तो एकटा बोटीने युरोपला निघाला तेव्हा त्याची रवानगी जवळजवळ पार्सलासारखी झाली. आंधळा माणूस एकटा फिरला तर धडपडेल, म्हणून बोटीवरची माणसं त्याला केबिनमध्ये बंद करून ठेवत. परतताना सोबत बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री होती. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी डिवचलं की जमत असेल तर वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. बंदरालगतचा तो प्रचंड रुंद रस्ता, ट्रकांची आणि घोडागाड्यांची ही गर्दी. बडी थांबली, मागे सरली, पुन्हा निघाली आणि त्याला पलीकडे घेऊन गेली. फ्रँकने युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली: यशस्वी. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. लवकरच ती न्यू जर्सीत हलली आणि आज मॉरिसटाउनला आहे. एडिसनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना ती गाडीने तासाभराच्याही आत.

रस्ता ओलांडता आला तरी दारं बंदच होती. हॉटेलवाले कुत्र्यासह खोली देत नसत. आगगाडीत बडीला मालडब्यात टाका म्हणत, म्हणजे अंध माणसाचे डोळे एका डब्यात आणि तो स्वतः दुसऱ्या डब्यात. फ्रँकने उरलेलं आयुष्य या दारांवर धडका मारण्यात घालवलं. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांनी गाइड डॉगला मालकाजवळ बसू द्यायचं मान्य केलं होतं. १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात गाइड डॉगसह सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा हक्क देणारा कायदा झाला. बडी १९३८ सालीच गेली होती.

त्या कुत्र्याला काय काय शिकवावं लागतं, हे जाणून घेतल्याशिवाय पुढच्या फसवणुकीचं गांभीर्य कळत नाही. सीइंग आयचं पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं की एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जातं आणि तिथे वर्षभर माणसांत, गर्दीत, आवाजात वावरायला शिकतं. मग प्रशिक्षकाबरोबर चारेक महिने. फुटपाथच्या कडेला थांबणं, डोक्याला लागेल अशी फांदी आली तर माणसाला बाजूने काढणं, खाली सांडलेलं अन्न न हुंगणं, दुसऱ्या कुत्र्याकडे न बघणं. यातला सर्वांत अवघड धडा म्हणजे हुकूम मोडणं. माणूस ‘पुढे’ म्हणतो, पण समोरून आवाज न करणारी गाडी वळतेय. अशा वेळी कुत्र्याने जागचं हलायचं नाही. आज्ञा पाळायला कोणताही चांगला कुत्रा शिकतो. आज्ञा कधी मोडायची हे ओळखणारे थोडेच असतात, आणि बरीच पिल्लं या शिक्षणातून गळतात. माणूस आणि कुत्रा अशा एका जोडीमागे हजारो डॉलर खर्च होतात. ते देणग्यांतून येतात. अंध व्यक्तीकडून संस्था पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेते, पुढच्या प्रत्येकासाठी ५०, माजी सैनिकाकडून फक्त १. कित्येक दशकं हे आकडे बदललेले नाहीत.

१९७५ नंतर कॅलिफोर्नियात ‘कॅनाइन कम्पॅनियन्स’सारख्या संस्था व्हीलचेअरवरच्या माणसांसाठी कुत्रे तयार करू लागल्या. पडलेली वस्तू उचलून देणं, दार ओढणं, दिवा लावणं ही त्यांची कामं. बहिऱ्यांना दारावरची थाप, धुराचा अलार्म किंवा बाळाचं रडणं कळवणारे कुत्रेही आले. पण जुने कायदे गाइड डॉगपुरते होते आणि राज्याराज्यांत वेगवेगळे होते.

त्याच काळात दिव्यांगांची चळवळ पेटत होती. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत आंदोलकांनी एका सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पायऱ्यांपाशी कित्येकांनी व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि सरपटत पायऱ्या चढल्या. दिव्यांग माणसाला वावरण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २६ जुलै १९९० रोजी जॉर्ज बुश (थोरले) यांनी ‘अमेरिकन्स विथ डिसअॅबिलिटीज अॅक्ट’वर सही केली.

सुरुवातीला सांगितलेला दोन प्रश्नांचा नियम याच कायद्याखालचा, आणि कागद न मागण्याचं मूळ इथे आहे. दूध आणायला निघालेल्या धडधाकट माणसाला कोणी ओळखपत्र विचारत नाही, मग अंध बाईला का विचारावं? शिवाय संस्थांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक असतात, त्यामुळे अनेक दिव्यांग लोक आपला कुत्रा स्वतः शिकवतात किंवा खासगी प्रशिक्षकाकडून शिकवून घेतात. संस्थेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं असतं तर हे सगळे दाराबाहेर राहिले असते. मला हा निर्णय तेव्हाही योग्य होता असं वाटतं आणि आजही वाटतं.

चूक झाली ती व्याख्येत. १९९१ च्या नियमांत ‘गाइड डॉग, सिग्नल डॉग (बहिऱ्यांना आवाज कळवणारा कुत्रा) किंवा इतर प्राणी’ असे शब्द होते. त्या ‘इतर’मधून माकडं, साप, सरडेही सर्व्हिस अॅनिमल म्हणून यायला लागले. न्याय खात्याने २०१० साली नियम बदलले आणि १५ मार्च २०११ पासून सर्व्हिस अॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा, असं ठरलं. लहान चणीच्या घोड्यांसाठी तेवढी वेगळी तरतूद ठेवली. कुत्र्याच्या नुसत्या सहवासाने बरं वाटतं, हे सर्व्हिस डॉग म्हणवून घ्यायला पुरेसं नाही, हेही तेव्हाच स्पष्ट लिहिलं गेलं. मालकाला भीतीचा झटका येतोय हे ओळखून त्याला आधार द्यायला शिकवलेला कुत्रा सर्व्हिस डॉग ठरतो. ज्याच्याजवळ बसून मन शांत होतं तो इमोशनल सपोर्ट अॅनिमल, आणि त्याला दुकानात शिरायचा हक्क नाही.

पण घर आणि विमान यांचे कायदे वेगळे. घरांच्या बाबतीत १९८८ च्या दुरुस्तीनंतरच्या ‘फेअर हाउसिंग अॅक्ट’खाली, डॉक्टर किंवा समुपदेशकाने गरज लिहून दिली तर ‘नो पेट्स’ अपार्टमेंटमध्येही इमोशनल सपोर्ट अॅनिमल ठेवता येतो, तोही पेट फी न भरता. विमानांसाठी १९८६ चा ‘एअर कॅरिअर अॅक्सेस अॅक्ट’ होता आणि २००३ पासून वाहतूक खात्याने तिथेही असे प्राणी मोफत नेण्याची वाट मोकळी केली. पाळीव प्राणी केबिनमध्ये नेण्याचं भाडं एका फेरीला शंभर डॉलरच्या पुढे आणि पत्र दाखवलं की शून्य. मग पत्रांचाच धंदा सुरू झाला. प्रश्नावली भरा, पैसे भरा, पत्र घ्या. ज्यांना खरोखरच गरज होती तेही याच रांगेत सापडले, आणि सर्व्हिस डॉग कोणता व सपोर्ट अॅनिमल कोणता हा फरक लोकांच्या मनातून पुसला गेला. माझ्या मते खोट्या सर्व्हिस डॉगचं पीक याच गोंधळात आलं. विमानात चालतं ते किराणा दुकानात का नाही, असं अनेकांना प्रामाणिकपणेही वाटू लागलं.

विमान कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार इमोशनल सपोर्ट अॅनिमल घेऊन उडणारे प्रवासी २०१६ मध्ये ४,८१,००० होते, २०१७ मध्ये ७,५१,०००. जून २०१७ मध्ये अटलांटात डेल्टाच्या विमानात अशाच एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्याचे लचके तोडले. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर मोर घेऊन आलेल्या प्रवाशाला युनायटेडने विमानात घेतलं नाही आणि ती बातमी जगभर फिरली. त्याच महिन्यात डेल्टाने सांगितलं की २०१६ पासून प्राण्यांनी घाण करणं, चावणं अशा घटना ८४ टक्क्यांनी वाढल्या आहेत. अखेर वाहतूक खात्याने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना इमोशनल सपोर्ट अॅनिमलला पाळीव प्राणी मानायची मुभा मिळाली. सर्व्हिस डॉगसाठी लसीकरण, वागणूक आणि शिक्षण यांची हमी देणारा सरकारी फॉर्म आला, त्यावर खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्यांना पूर्वी डॉक्टरच्या पत्राची जादा अट होती, ती मात्र काढली. युद्धाचे आघात घेऊन परतलेल्या सैनिकांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

राज्यांनीही कायदे केले. तिसाहून जास्त राज्यांत पाळीव कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं आता दंडनीय आहे. फ्लोरिडात २०१५ पासून दंड, कैद आणि ३० तासांची समाजसेवा अशी शिक्षा आहे. कॅलिफोर्नियात कमाल सहा महिने कैद किंवा १,००० डॉलर दंड, किंवा दोन्ही. तिथे १ जानेवारी २०२२ पासून सपोर्ट डॉगचं पत्र देण्याआधी समुपदेशक आणि रुग्णाची किमान ३० दिवसांची ओळख असावी लागते. पण ज्या दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात त्याने खोटेपणा सिद्ध कसा करायचा? म्हणून हे कायदे बहुतेक वेळा पुस्तकातच राहतात.

याची किंमत खऱ्या सर्व्हिस डॉगवाल्यांना मोजावी लागते. न शिकवलेला कुत्रा दुकानात गाइड डॉगवर भुंकतो, कधी अंगावर धावून जातो. असा एखादा हल्ला झाला की कित्येक महिने शिकवलेला कुत्रा बिथरतो, दुसरा कुत्रा दिसला की अडखळतो, आणि काहींना कामातून कायमचं काढावं लागतं. मग त्या माणसाने पुन्हा प्रतीक्षायादीत जायचं. दुसरा फटका संशयाचा. आधी फसलेला दुकानदार पुढच्या खऱ्या माणसाला दारातच अडवतो. अपस्मार किंवा मधुमेह असलेल्यांचं दिव्यांगत्व बाहेरून दिसत नाही, त्यांना तर हे रोजचंच. टॅक्सीवाले कुत्रा पाहून गाडी पुढे काढतात म्हणून ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ या अंधांच्या संघटनेने उबरला कोर्टात खेचलं आणि २०१६ साली तडजोड झाली. तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत.

दर काही महिन्यांनी कोणीतरी सुचवतं की सर्व्हिस डॉगना सरकारी ओळखपत्र द्या. ज्यांनी पायऱ्या सरपटत चढून हा हक्क मिळवला त्यांच्याच गळ्यात पास अडकवायचा, असा त्याचा अर्थ होतो, आणि दिव्यांगांच्या बऱ्याच संघटना त्याला विरोध करतात. दुकानदाराच्या हाती आज आहे तो अधिकारही कमी नाही. कुत्रा भुंकतोय, लोकांच्या अंगावर जातोय आणि मालक आवरत नाही, किंवा कुत्र्याने जमिनीवर घाण केली, तर तो खरा सर्व्हिस डॉग असला तरी त्याला बाहेर काढता येतं. फक्त मालकाला कुत्र्याशिवाय आत येऊन खरेदी करू द्यावी लागते. न्याय खात्याच्या २०१५ च्या खुलाशात आणखी बारकावे आहेत: कुत्र्याला शॉपिंग कार्टमध्ये बसू द्यायची दुकानावर सक्ती नाही, आणि रेस्टॉरंटमध्ये त्याला खुर्चीवर बसवून टेबलावरचं भरवू देण्याचीही नाही. हे करायला मालकाचा आजार विचारावा लागत नाही, कार्डही मागावं लागत नाही. दारावर उभ्या असलेल्या मुलाला कामावर घेतानाच हे चार नियम समजावून सांगितले, तर कार्टमध्ये बसून येणारी बरीच लाल जाकिटं तिथेच थांबवता येतील.