चर्चबाहेर तारण नाही

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील, विशेषतः कॅथलिक परंपरेतील एक जुने सूत्र. लॅटिन रूप ‘एक्स्ट्रा एक्लेझियाम नुल्ला सालुस’. तारण म्हणजे पापातून आणि नरकातून सुटका. स्वर्गात कोण जाणार, या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर म्हणून ते ओळखले जाते. पण मुळात ते परधर्मीयांना उद्देशून नव्हतेच. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृत्यू 258) याच्यापुढचा वाद घरातलाच होता: चर्चमधून फुटलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, खरा मानायचा का? बायबलमधल्या महापुरात नोहाच्या तारवाबाहेर (जहाजाबाहेर) कोणी वाचले नाही, हा दृष्टान्त त्याचाच. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर तोच नियम यहुदी आणि मूर्तिपूजकांनाही लावला गेला. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने 1442 मध्ये तर मरणापूर्वी चर्चमध्ये न आलेले सारे अग्नीत जातील, असे स्पष्ट लिहिले.

या सूत्राची धग कशी असते, ते फ्रान्सिस झेवियर या कॅथलिक धर्मप्रचारकाच्या पत्रात दिसते. 1549 मध्ये जपानला पोहोचलेल्या झेवियरने 1552 च्या जानेवारीत कोचीनहून पत्र लिहिले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेले जपानी त्याला विचारत, आमच्या मेलेल्या आईबापांचे काय? दानधर्म, प्रार्थना करून त्यांना नरकातून सोडवता येईल का? नाही, असे उत्तर मिळताच ते रडू लागत, आणि इतकी प्रेमाची माणसे रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे झेवियर कबूल करतो. उत्तर मात्र त्याने बदलले नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये त्याचे शव आहे. तिथे येणाऱ्या भाविकांत बिगरख्रिस्तीही असतात, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच काळात अमेरिका खंडाच्या शोधाने युरोपातल्या पंडितांना पेचात टाकले होते. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही, त्यांना दोष कसा द्यायचा? ‘टाळता न येणारे अज्ञान’ ही पळवाट म्हणा वा न्यायबुद्धी म्हणा, तिथून बळावली. 1547 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याची इच्छाही पुरेशी ठरू शकते, असे मानले. पोप नवव्या पायसने 1863 मध्ये अज्ञानाचा मुद्दा उचलला. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, स्वतःच्या दोषाविना सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) न कळलेल्या पण सद्सद्विवेकाने वागणाऱ्या माणसालाही तारण मिळू शकते, असे जाहीर केले. ते मिळते ख्रिस्तामुळेच, ही अट मात्र कायम राहिली. प्रॉटेस्टंटांनी चर्चऐवजी श्रद्धेवर भर दिला. पण ख्रिस्ताशिवाय तारण नाही, हा आग्रह त्यांच्या अनेक पंथांत आजही तितकाच पक्का आहे.

जुना अर्थ सोडायला तयार नसलेल्या बॉस्टनच्या लेनर्ड फीनी या धर्मगुरूला 1953 मध्ये बहिष्कृत करण्यात आले, तेही या मतासाठी नव्हे, तर रोमला बोलावूनही न गेल्याच्या अवज्ञेसाठी. 1972 मध्ये त्याला परत घेतले, तेव्हा मत मागे घ्यायला लावले नाही. त्याने फक्त अथानासियन विश्वासांगीकार हे श्रद्धेचे जुने जाहीर वचन म्हटले. त्या वचनाची पहिलीच ओळ अशी की ज्याला तारण हवे, त्याने आधी कॅथलिक श्रद्धा धरली पाहिजे.