गुडमन गॅलरी: वर्णभेदाच्या काळात उघडलेले दालन

लिंडा गुडमन (पुढे लिंडा गिव्हन) यांनी १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये स्वतःची गॅलरी काढली. त्याआधी त्या लंडनच्या ग्रॉव्हनर गॅलरीत कामाला होत्या. आपल्या गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची काळ्या रंगातली चित्रे त्याच वर्षी तिथेच लागली होती. जोहान्सबर्गात मात्र वेगळेच राज्य होते. कुणी कुठे राहायचे, कुठल्या बाकावर बसायचे, हे कातडीच्या रंगावरून ठरत होते. अशा शहरातल्या गोऱ्यांच्या वस्तीत गुडमनने काळ्या कलाकारांची कामे मांडली आणि विकली.

हे कलाकार आले कुठून? काळ्यांना चित्रकला शिकण्याची सोय जवळपास नव्हतीच. १९४९ मध्ये सुरू झालेले पॉली स्ट्रीट केंद्र हा त्यातल्या त्यात आधार. १९५२ पासून ते सेसिल स्कॉट्नेस या गोऱ्या चित्रकाराच्या हाती होते. सिडनी कुमालो आणि एझ्रोम लेगाए हे शिल्पकार तिथेच घडले, तिथेच शिकवूही लागले आणि पुढे गुडमनशी जोडले गेले.

लेगाए यांच्याकडे जरा थांबून पाहावे. सप्टेंबर १९७७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणारे काळे नेते स्टीव्ह बिको पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मेले. त्यानंतर लेगाए यांनी कोंबड्यांची रेखाचित्रे काढली: पिसे उपटलेल्या, खिळ्यासारख्या टोकांनी भोसकलेल्या, मान टाकलेल्या कोंबड्या. कागदावर ना बिकोंचा चेहरा, ना पोलिसांचा. ज्याला कळायचे त्याला कळत होते, आणि कोंबडी काढली म्हणून कुणाला आत टाकणे सरकारलाही अवघड होते.

बिकोंच्या मृत्यूच्या चौकशीत त्यांच्या कुटुंबाची बाजू मांडणारे वकील होते सिडनी केंट्रिज. त्यांचा मुलगा विल्यम हा आज गुडमनचा सगळ्यात नावाजलेला कलाकार. कोळशाने चित्र काढायचे, कॅमेऱ्यात टिपायचे, थोडे पुसायचे, त्याच कागदावर पुन्हा काढायचे, अशी त्यांची चित्रपटाची रीत. पुसलेले पूर्ण जात नाही, करडा डाग राहतोच. अशा चित्रपटांच्या मालिकेतला पहिला १९८९ चा, म्हणजे मंडेला अजून तुरुंगात होते तेव्हाचा. छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लॅट, लढ्यातल्या स्त्रियांची चित्रे पोस्टकार्डांवर छापून घरोघरी पोचवणाऱ्या सू विल्यमसन, हेही गुडमनचेच.

पण ही शेवटी विक्रीची जागा होती, आणि गिऱ्हाईक बहुतांशी गोरे, पैसेवाले. वर्णभेदावरची टीका त्या व्यवस्थेचे लोणी खाणाऱ्यांच्याच दिवाणखान्यात जाऊन लागत होती. याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. दुसरे गिऱ्हाईक त्या देशात फारसे नव्हतेच, आणि विक्री झाली नसती तर कलाकार जगले कसे असते?

२००८ मध्ये गॅलरी लिझा एसर्स यांनी विकत घेतली. पुढे २०१९ मध्ये लंडनलाही शाखा निघाली, आणि दारूच्या बाटल्यांची झाकणे तांब्याच्या तारेने ओवून भिंतभर पडदे करणारे घानाचे एल अनात्सुई यांच्यासारखी नावे यादीत आली.

जुने दुखणे मात्र २०१२ मध्ये उघड्यावर आले. एके काळी वर्णभेदाविरुद्ध काम केलेले गोरे कलाकार ब्रेट मरे यांनी गुडमनमध्ये लागलेल्या ‘द स्पिअर’ या चित्रात राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांना लेनिनच्या पोझमध्ये, पण पँट उघडी ठेवून उभे केले. झुमांचा सत्ताधारी पक्ष एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) कोर्टात गेला. काळ्या माणसाच्या देहाची गोऱ्यांनी मांडलेली ही जुनीच विटंबना, असे अनेकांनी म्हटले. झुमांचे समर्थक नसलेलेही त्यात होते. २२ मे रोजी एका गोऱ्या माणसाने चित्रावर लाल फुली मारली, पाठोपाठ एका काळ्या तरुणाने काळा रंग फासला. गोऱ्याला रखवालदारांनी नीट बाजूला घेतले. काळ्याला टीव्ही कॅमेऱ्यासमोर डोक्याने धडक देऊन जमिनीवर आपटले. आठवड्याभरात गॅलरीवर मोर्चा आला, मग समझोता झाला. चित्राचा सौदा आधीच झाला होता, १,३६,००० रँडना, एका जर्मन संग्राहकाशी.