हृदय मोठं होणं आणि हार्ट फेल्युअर: पेशीच्या आत काय घडतं

टू-डी इकोच्या रिपोर्टवर 'एलव्हीएच' (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं) लिहून आलं की घरात सगळे म्हणतात, हार्ट मोठं झालंय. पण यात पेशी वाढलेल्या नसतात, आहेत त्याच फुगलेल्या असतात, कारण मोठ्या माणसात हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागतच नाहीत, पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. काम वाढलं तरी नवीन भरती नाही, आहे त्याच स्टाफला ओव्हरटाइम.

बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं किंवा महाधमनीची झडप आखडली की भिंतीवर ताण येतो, आणि भिंत जाड केली की तो ताण वाटला जातो, म्हणून पेशी आकुंचन पावणारी एककं, म्हणजे सार्कोमिअर, एकाशेजारी एक रचते आणि जाड होते. झडप गळत असेल तर मात्र तीच एकापुढे एक लागतात, पेशी लांबते आणि कप्पा पसरतो.

वाढण्याचा हा निरोप पेशीला पोचवणारी रसायनं मुख्यतः अँजिओटेन्सिन-२, एंडोथेलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन. यांच्यामुळे पेशीतलं कॅल्शियम वाढतं, त्याने कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते एनफॅट या प्रथिनावरचा फॉस्फेट काढतं आणि एनफॅट केंद्रकात शिरून वाढीची जनुकं चालू करतं. १९९८ मध्ये मोल्केंटिन, ऑल्सन वगैरे संशोधकांनी कॅल्सिन्युरिन कायम चालू असलेले उंदीर तयार केले तर त्यांची हृदयं मोठी होऊन निकामी झाली, आणि सायक्लोस्पोरिन हे कॅल्सिन्युरिन अडवणारं औषध दिल्यावर ते थांबलं. (माणसात हा उपाय चालत नाही, त्या औषधाने बीपीच वाढतं आणि किडनीला त्रास होतो.) याच गडबडीत गर्भातली काही जनुकंही परत चालू होतात, त्यातलंच एक बीएनपी या हृदयातून रक्तात येणाऱ्या हार्मोनचं, एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी त्यावरच आहे.

व्यायामाने किंवा गरोदरपणात वाढलेलं हृदय वेगळं. तिथे आयजीएफ-१, पीआय३के, एकेटी या प्रथिनांचा निरोपाचा वेगळा मार्ग चालतो, फायब्रोसिस (पेशींमधे कडक तंतू साचणं) होत नाही आणि हृदय पुन्हा पूर्ववत होतं. बर्मी अजगराचं तर भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत ४० टक्के वाढतं आणि पचलं की उतरतं!

आजारातल्या वाढीत मात्र बिघाड, म्हणजे हार्ट फेल्युअरकडची वाटचाल, हळूहळू होतो. पेशी जाड होते पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत, टीजीएफ-बीटा या निरोप देणाऱ्या प्रथिनामुळे मधे तंतू साचतात, कॅल्शियम परत पेशीतल्या कोठारात ओढणारा सर्का पंप मंदावतो. मग हृदय नीट सैल पडत नाही, जिना चढताना दम लागतो, पुढे कोठारच अर्धवट भरल्यामुळे आकुंचनही कमजोर होतं, लोक म्हणतात तसं 'पंपिंग' उतरतं. सर्काचं जनुक टोचून बघितलं, पण २५० पेशंटच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे एमवायबीपीसी३ या सार्कोमिअरमधल्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं गळणं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांसह एका गटाने २००९ मध्ये दाखवलं की भारतीय उपखंडात साधारण ४ टक्के लोकांत हे असतं आणि त्याने कार्डिओमायोपथीचा (हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा) धोका वाढतो, पण प्रत्येकाला आजार होतोच असं नाही.

औषधं मुख्यतः वरचे निरोपच अडवतात. एसीई इनहिबिटर अँजिओटेन्सिन कमी करतात, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा निरोप अडवणारे बीटा ब्लॉकर, जे एकेकाळी हार्ट फेल्युअरमध्ये अजिबात द्यायचे नाहीत असं शिकवायचे, तेच आता पसरलेला कप्पा बऱ्याच जणांत थोडा परत आवळून आणतात.