ग्लोरांथातला साक्षात्कार: केऑस की केऑसपासून सुटका?

ग्लोरांथा हे रूनक्वेस्ट या भूमिका-खेळाचे (रोलप्लेइंग गेमचे) काल्पनिक जग. काळगणनेआधीच्या देवयुद्धात केऑस, म्हणजे जगाला पोखरणारी विनाशक शक्ती, इथे कसा शिरला, हे रूनक्वेस्ट खेळणाऱ्यांना सांगायला नको. खरा गुंता काळगणना सुरू झाल्यानंतरचा. सन 375 मध्ये सूर्य आकाशात थबकला आणि निरनिराळ्या वंशांच्या परिषदेने स्वतः घडवलेला देव निसॅलोर अवतरला. हा खटाटोप न पटल्याने ट्रोल आणि ड्रॅगन्यूट हे वंश परिषदेतून आधीच बाहेर पडले होते. निसॅलोरचे शिष्य साक्षात्कार, म्हणजे जग आणि केऑस हा भेद पुसणारी दृष्टी, देणारी कोडी घालत गावोगाव फिरले. पश्चिमेत तर रोग पसरवणारे तेच आणि बरे करणारेही तेच. त्याच देवाला शत्रू ग्बाजी, म्हणजे फसव्या, म्हणू लागले. 450 मध्ये त्याचा वैरी अर्काट याने त्याचे ठाणे डोरास्टर उद्ध्वस्त केले. पण शेवटच्या झुंजीतून बाहेर आला तो अर्काट की ग्बाजी, यावर आजही वाद आहे, कारण अर्काटलाही साक्षात्कार झालेला होता.

रूनक्वेस्टच्या 1981 च्या पुरवणीने साक्षात्काराचा नियम केला आणि भांडण खेळाच्या टेबलावर आले. कोड्यांमधून साक्षात्काराचे टक्के साठतात. वर्षअखेरच्या 14 दिवसांच्या पवित्रकाळात शंभराचा फासा टाकायचा. टक्क्यांइतका किंवा कमी पडला, तर साक्षात्कार. मग पंथाचे नियम मोडले तरी शिक्षा करणारे आत्मे मागे लागत नाहीत, वैरी पंथातही शिरता येते आणि केऑस हुंगून काढणाऱ्या स्टॉर्म बुल देवाच्या भक्तांना त्या माणसातला केऑस जाणवत नाही. घोळ इथेच होतो. गेममास्टर (खेळ चालवणारा) ‘इथे केऑस नाही’ म्हणतो आणि खेळाडू समोरच्याला निर्दोष समजून मोकळे होतात. ‘तुला काही जाणवत नाही’ एवढेच म्हणावे, आणि केऑस ओळखण्याचा फासा पडद्याआड टाकावा. केऑसची खूण जात नाही, फक्त जाणवेनाशी होते. अंगावर खवले असतील तर ते दिसणारच.

साक्षात्कार म्हणजेच केऑस, असे नियमात कुठेही नाही. 1247 मध्ये तांबडा चंद्र उगवला तेव्हापासून त्याच्या देवीचे भक्त, चंद्रपंथीय, याच फटीवर उभे आहेत: केऑसही जगाचाच भाग, म्हणे. ऐकायला गोड आहे, पण त्यांच्या केऑसी राक्षसाला, तांबड्या वटवाघळाला, माणसेच खायला घालावी लागतात.

1602 मध्ये चंद्रपंथीयांच्या चंद्रसाम्राज्याने सार्टार राज्याची राजधानी बोल्डहोम घेतली. 1625 मध्ये नव्या चंद्रमंदिराच्या प्रतिष्ठापनेतच जमिनीखालून ड्रॅगन उठला आणि जमलेले सरदार-पुरोहित गिळंकृत झाले. सध्याच्या आवृत्तीची मोहीम तिथूनच सुरू होते. सार्टारमध्ये मागे राहिलेल्या चंद्रपंथीयांपैकी साक्षात्कारी कोण, हे स्टॉर्म बुलवाल्यांना हुंगून ठरवता येत नाही. त्यामुळे ते सरसकट सगळ्यांवरच कुऱ्हाड उगारतात.