सफरचंद, मुकुट आणि रमण यांचा समुद्र : शोधांच्या गोष्टी कुणी, कधी लिहून ठेवल्या?

फेब्रुवारी लागला की नागपुरातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनांची धांदल सुरू होते. थर्माकोलचे ज्वालामुखी, पाणी शुद्धीकरणाची मॉडेलं आणि मागच्या भिंतीवर तक्ते. डोक्यावर सफरचंद पडलेला न्यूटन, टबातून तसाच उठून पळणारा आर्किमिडीज, झुकत्या मनोऱ्यावर उभा गॅलिलिओ. दरवर्षी पोरं बदलतात, चित्रं तीच. या गोष्टींत खरं किती, हा वाद जुना आहे, आणि ‘सगळ्या थापा’ असं म्हणून मोकळं होणं हाही आळसच. गोष्ट कुणी सांगितली, घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली आणि त्यात सांगणाऱ्याचं काय अडकलं होतं, एवढं तपासलं तरी बराच निवाडा होतो.

न्यूटनचंच घ्या. १५ एप्रिल १७२६ रोजी विल्यम स्टकली हा त्याचा तरुण स्नेही लंडनजवळ केन्सिंग्टनला त्याच्याकडे जेवायला गेला होता. जेवणानंतर दोघं बागेत सफरचंदाच्या झाडाखाली चहा घेत बसले आणि म्हाताऱ्यानं आठवण काढली: असाच बसलो असताना फळ पडताना पाहिलं आणि ते नेहमी सरळ खालीच का येतं, हा विचार मनात आला. म्हणजे सफरचंद न्यूटनच्या स्वतःच्या तोंडून आलेलं आहे, मागाहून कुणी चिकटवलेलं नाही. डोक्यावर मात्र ते कधीच पडलं नाही. ती पुढच्यांची भर. न्यूटनच्या भाचीकडून ऐकलेली हीच हकीकत व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकानं छापली आणि ती युरोपभर झाली.

खरी मेख वेगळीच आहे. न्यूटन तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि आठवण होती १६६६च्या आसपासची, प्लेगमुळे केंब्रिज बंद पडून तो गावी वूल्सथॉर्पला राहिला होता तेव्हाची. तब्बल साठ वर्षं मध्ये गेलेली. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा त्याचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ छापून आला १६८७ साली. त्याआधी १६७९-८० मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार झाला होता आणि ग्रहांना वळवणारं बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं ही कल्पना आपली, असा हुकचा दावा होता. त्यावरून दोघांत कायमचं बिनसलं. अशा वेळी ‘मला हे १६६६ सालीच बागेत सुचलं होतं’ ही आठवण फार सोयीची ठरते. न्यूटननं ती रचली असं म्हणायला आधार नाही. पण एका दुपारी विचाराला सुरुवात होणं वेगळं आणि सिद्धान्त हाती येणं वेगळं. मधल्या वीस वर्षांचं गणित तक्त्यावर कधीच मावत नाही.

आर्किमिडीजची गोष्ट त्याहून कच्ची. तो इ.स.पूर्व २१२ मध्ये मारला गेला. राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हे सांडलेल्या पाण्यावरून ओळखण्याची युक्ती त्याला टबात सुचली, ही कथा आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराकडून, सुमारे दोनशे वर्षांनंतर. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या आर्किमिडीजच्या स्वतःच्या ग्रंथात मुकुटाचं नाव नाही. शिवाय कथेतली युक्ती आकड्यांत बसवून पाहा. मुकुट एक किलोचा आणि त्यात तीस टक्के चांदी धरली, तर शुद्ध सोन्याच्या मुकुटापेक्षा तो जेमतेम १३ घनसेंटिमीटर जास्त जागा घेईल. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात पाण्याच्या पातळीत फरक पडेल अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. काठाला चिकटलेल्या चार थेंबांतच तो हरवून जाईल. इतवारीतला कुठलाही सराफ असल्या मोजमापावर सोनं घेणार नाही. पण तराजूच्या एका पारड्याला मुकुट, दुसऱ्याला तेवढंच शुद्ध सोनं टांगून दोन्ही पाण्यात बुडवले, तर फरक सरळ १३ ग्रॅमचा. बाविशीतल्या गॅलिलिओनं १५८६ साली हेच मांडलं: आर्किमिडीजसारख्या माणसानं अशीच काहीतरी पद्धत वापरली असेल, सांडलेलं पाणी मोजलं नसेल.

त्याच गॅलिलिओला पुढे मनोऱ्यावर चढवलं त्याचा शिष्य व्हिव्हियानी यानं, गुरूच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात. जड आणि हलक्या वस्तू एकदम टाकल्या तर बरोबरच खाली येतात, हे दाखवणाऱ्या पिसाच्या मनोऱ्यावरच्या प्रयोगाबद्दल स्वतः गॅलिलिओनं काही लिहिलेलं नाही. उलट सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञानं शिशाचे कमीजास्त वजनाचे दोन गोळे तीस फुटांवरून टाकून पाहिल्याचं १५८६ सालीच छापलं होतं. त्याचं चित्र कुणी काढत नाही, बिचारा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेला स्वप्नात दिसलेला आणि बेंझिनच्या रेणूची वर्तुळाकार रचना सुचवणारा शेपूट गिळणारा साप? बेंझिनची रचना १८६५ची, स्वप्न सांगितलं १८९०च्या सत्कारात. आणि फ्लेमिंगच्या पेनिसिलिननं चर्चिल वाचले ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी कथा तर सपशेल खोटी. १९४३च्या न्यूमोनियात चर्चिल यांना दिलेलं औषध सल्फा गटातलं होतं.

या रांगेत सी. व्ही. रमण यांचा निळा समुद्र कुठे बसतो? नागपूरकरांना रमण आपलेसे वाटतात. गांधीसागर तलावाजवळचं विज्ञान केंद्र त्यांच्या नावाचं आहे, आणि लेखा खात्याच्या नोकरीत १९१० साली रंगूनहून बदली होऊन ते इथे राहूनही गेले. मुक्काम थोडाच, १९११ मध्ये ते परत कलकत्त्याला गेले. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याचा थोडा भाग रंग बदलतो, हा ‘रमण परिणामा’चा शोध तिथला.

समुद्राची गोष्ट मात्र भक्कम आहे, कारण तिचा कागद त्याच वर्षीचा आहे. १९२१ साली युरोपहून ‘नारकुंडा’ जहाजानं परतताना रमण यांनी निकोल प्रिझम या प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकातून पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर परावर्तित होणारं आकाश त्यातून गाळलं जातं. तरीही समुद्र निळाच, उलट जास्तच गडद. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं इथे अडलं. मुंबई बंदरातूनच रमण यांनी ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाला पत्र धाडलं आणि त्याच नोव्हेंबरात ते छापलं गेलं. १९३०च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी हा प्रवास सांगितला तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचा छापील पुरावा होता.

तक्त्यावरून सुटतात ती मधली वर्षं. १९२३ मध्ये रमण यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाशी न जुळणारी एक क्षीण छटा दिसली होती आणि ती द्रवातल्या अशुद्धीमुळे असावी असा समज झाला. पुढे के. एस. कृष्णन आणि एस. वेंकटेश्वरन यांनी द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करून तपासले, ती छटा गेली नाही. आपण विज्ञान दिन साजरा करतो तो २८ फेब्रुवारीला, पण रमण आणि कृष्णन यांच्या ‘नेचर’मधल्या पत्रावर तारीख १६ फेब्रुवारी १९२८ची आहे. परिणाम आधीच डोळ्यांनी दिसला होता, २८ला तो वर्णपटदर्शकातून नीट वेगळा झाला. आणि त्याच्या आठवडाभर आधी, २१ तारखेला, मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम आढळला होता. त्यांचा लेख छापून यायला जुलै उजाडला. १९३०चं नोबेल एकट्या रमण यांना मिळालं.